मुदत न लिहिलेला मंत्र

१

माझा धंदा काय, हे समजावून सांगायचं मी सोडून दिलं आहे. टेबलावर खेळायचे खेळ तयार करतो म्हटलं की समोरचा विचारतो, म्हणजे सापशिडी का? मी मान डोलावतो आणि विषय बदलतो. पण पुढचं जे सांगायचं आहे ते त्याशिवाय कळणार नाही, म्हणून एकदाच सांगून टाकतो.

चार माणसं टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो: कुणी शिपाई, कुणी दरोडेखोर, कुणी मांत्रिक. मग "मी दार ढकलतो", "मी हळूच आत डोकावते" असं तोंडाने सांगत, फासे टाकत गोष्ट पुढे सरकते. एक जण सूत्रधार असतो. दारामागे काय आहे ते तो सांगतो आणि भांडण झालं की निवाडाही तोच देतो. या खेळांची जाडजूड नियमपुस्तकं असतात आणि त्यांतले मंत्रांचे जिने बांधणं हे माझं पोटापाण्याचं काम. मांत्रिक पहिल्या दिवशी जेमतेम काडी पेटवतो आणि शेवटी अख्खं रान पेटवतो. मधल्या पायऱ्या कोणत्या, किती उंच आणि चढायच्या कशा, ते मी ठरवतो. जिना फार सोपा झाला तर मांत्रिक बाकीच्यांना गिळून टाकतो. फार अवघड झाला तर मांत्रिक घेऊन बसलेल्या माणसाचं तिसऱ्याच रविवारी डोकं दुखायला लागतं आणि तो यायचा बंद होतो.

नव्या पुस्तकासाठी मी भिंतींचा जिना बांधत होतो. पहिली पायरी कानोसा: भिंतीपलीकडचं ऐकू येतं. दुसरी झरोका: पलीकडचं दिसतं. तिसरी शिरकाव: हात भिंतीतून पलीकडे जातो. चौथी पार: अख्खा माणूस जातो. साधा, सरळ, एकातून एक निघणारा जिना. वर चढायची रीत मात्र जरा वेगळी ठेवली होती. इतरांच्या खेळांत राक्षस मारले की मंत्र वाढतात. राक्षस मारून कान कसे तिखट होतील, हे मला कधी पटलं नाही. माझ्या पुस्तकात नियम होता की जो कुणी मंत्र वापरील त्याचा तो मंत्र वापरानेच वाढेल. प्रकाशकाला तो इतका आवडला की त्याने तो मागच्या कव्हरवर छापायचं ठरवलं. मग काय, मी आठवडाभर हवेतच होतो.

२

नवा जिना आधी घरच्या टेबलावर चालवून बघायचा, ही आमची पद्धत. दर रविवारी सकाळी आमच्याकडे डाव बसतो. आमचं घर चौथ्या मजल्यावर, इमारतीच्या अगदी टोकाला. खेळायचं टेबल ज्या भिंतीला लागून आहे तिच्यापलीकडे काहीही नाही. नुसती हवा, आणि खूप खाली एका टायरवाल्याचं आवार.

सूत्रधार मी. मांत्रीण माझी बायको. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये आहे. रस्त्यात एखादं म्हातारं माणूस छान हसलं की ती मला कोपराने ढोसते आणि म्हणते, "ते माझं आहे." ती मोठ्याने बोलते, मोठ्याने हसते, आणि जिन्यात असली की तिसऱ्या मजल्यापासून कळतं. शिपाई म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, पण आमच्या टेबलावर त्याला सगळे वकील म्हणतात, कारण नियमात सुई जाईल एवढी फट दिसली की हा त्यातून हत्ती काढतो. आणि दरोडेखोर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्स. त्यांना आम्ही सिस्टरच म्हणतो. "जन्मभर माणसं वाचवली, आता जरा लुटू द्या," असं त्यांचं म्हणणं.

त्या रविवारी तिघेही एका पडक्या गढीत अडकले होते.

"मी भिंतीवर हात ठेवून कानोसा घेते," बायको म्हणाली, आणि नाटकीपणाने तिने खरोखरच आमच्या भिंतीवर तळवा टेकवला.

"पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवतंय," मी सुचलं ते सांगितलं.

"किती वेळ ऐकू येणार?" वकिलाने विचारलं.

प्रत्येक मंत्राखाली चार ओळी असतात: काय होतं, कुठे चालतो, बदल्यात काय जातं, आणि मुदत. मी पान उघडलं. मुदतीची ओळ कोरी होती. चाचणी झाल्यावर भरू म्हणून ठेवली होती आणि विसरलो होतो. आमच्या धंद्यात ही चूक सगळ्यांच्या हातून कधी ना कधी होते.

वकिलाने पान माझ्याकडून ओढून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती मी ओळखतो.

"दाजी, मुदत लिहिलेली नाही म्हणजे मुदत नाही. म्हणजे ताईचा मंत्र चालूच. झोपली तरी चालू, जेवली तरी चालू. बरोबर?"

"बरं, मग?"

"मग वापराने वाढतो ना तो? सारखा चालू म्हणजे सारखा वापरात. ताईने नुसतं बसून राहायचं, जिना आपोआप चढला जाणार."

"हे म्हणजे घरबसल्या पगारवाढ," सिस्टर म्हणाल्या.

मी तिथल्या तिथे मुदत ठरवून मोकळा झालो असतो तर प्रश्न नव्हता. पण आमच्या टेबलाचा एक रिवाज आहे. नियमातलं भोक ज्याने शोधलं, त्या डावापुरता फायदा त्याच्या बाजूचा. पुस्तक नंतर दुरुस्त करायचं, पण टेबलावरचा निवाडा फिरवायचा नाही. शिवाय वकिलाने मला माझ्याच पुस्तकात पकडलं होतं आणि मला ते मनापासून आवडलं होतं.

"मान्य," मी म्हणालो. "निवाडा असा की कानोसाला मुदत नाही."

सगळे हसले. बायकोचा तळवा अजून भिंतीवरच होता.

३

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी नाश्त्याला बसलो होतो. बायको कामावर निघताना टेबलापाशी थांबली आणि म्हणाली, "इथे पलीकडे कुणी राहायला आलंय का?"

"चौथ्या मजल्यावर? हवेत?"

"तेवढं मलाही कळतं. म्हणून तर विचारतेय. कुणीतरी खुर्ची सरकवतंय."

"रविवारी मीच खुर्ची सांगितली ना, ती डोक्यात बसली असेल तुझ्या."

"असेल," ती म्हणाली, आणि तिला तसंच असायला हवं होतं, हे तिच्या आवाजात स्पष्ट होतं.

पण खुर्चीवर थांबलं नाही. कुणीतरी सपाता ओढत चालतं. भांडं खाली ठेवलं जातं. खोकला येतो, घसा खाकरला जातो. ती हे मला रोज सांगायची, आणि सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, हेच विचित्र होतं. "कुणीतरी संसार करतंय तिकडे," ती म्हणायची. मी भिंतीला कान लावला. रंग गार लागला. माझ्या कानातलं रक्त वाहताना ऐकू आलं, बाकी शून्य.

मी खाली टायरवाल्याच्या आवारात गेलो आणि वर पाहिलं. सपाट भिंत, कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचा एक पाइप, त्याखाली ओल उतरल्याचा डाग. पाइप बघून मला हायसं वाटलं. कुठल्या तरी घरातले आवाज पाइपातून वर चढत असणार. मी धावत घरी आलो आणि बायकोला पाइप सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आज लॅबमध्येही ऐकू आले. तिथे पाइप नाही."

मग सिस्टर तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. सिस्टरांचा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. मरणारी माणसं त्यांनी ढिगाने पाहिली आहेत आणि त्यांतलं एकही परत आलेलं नाही, हा त्यांचा पुरावा. परत आल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"कान ठीक आहेत," त्या म्हणाल्या.

"मग उत्तमच की."

"अहो, ठीक असायला नको होते. लॅबमधल्या मशिनीच्या आवाजाने तिचा डावा कान गेली कित्येक वर्षं मंद आहे. मागच्या वेळचा रिपोर्ट मीच पाहिलाय. आता दोन्ही कान लहान मुलीसारखे."

त्या एवढंच बोलल्या आणि वर निघून गेल्या. एरवी त्यांना आमच्या दारातून निघायला अर्धा तास लागतो.

४

एका संध्याकाळी बायको म्हणाली की आवाज थांबले.

"सुटलो," मी म्हणालो.

"नाही रे. ते गेले नाहीत. श्वास ऐकू येतात. गप्प झालेत सगळे." तिने आवाज आणखी खाली आणला. "मी ऐकतेय, हे कळलंय त्यांना."

त्या दिवसापासून ती हळू बोलायला लागली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, मीठ कुठे आहे हे कुजबुजत विचारायची. आणि मला लाज वाटते सांगायला, पण मीही कुजबुजत उत्तर द्यायला लागलो. विश्वास बसला होता म्हणून नाही. एक जण हळू बोलत असेल तर दुसऱ्याला मोठ्याने बोलवत नाही, इतकंच. पण घरातली ती तिची बडबड गेली आणि घर परक्याचं झालं. जिन्यात तिची चाहूल लागेनाशी झाली. किल्लीचा आवाज आला की मी दचकायचो.

मी मनाशी वाद घालत होतो. माणसाच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की ती पसरते. थकवा असतो, ताण असतो. रविवारचे डाव आम्ही बंद केलेच होते. खेळच बंद, तर खेळातला मंत्र कसला? एवढं साधं होतं. तरी मी कामाच्या टेबलावर बसलो की कानोसाचं पान उघडून बघायचो. दुसऱ्या ओळीत माझ्याच अक्षरात होतं: कोणतीही भिंत. अडखळायला होऊ नये म्हणून मी नियम नेहमी मोघम लिहितो. कुठली भिंत, कुठल्या जगातली, असलं काही लिहायची पद्धत नाही.

मग एका दुपारी मी घरी आलो तर ती खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसली होती, खिडकीकडे तोंड करून. तेवढ्या खिडकीतच भिंत नव्हती. डोळे गच्च मिटलेले.

"डोळे मिटून उपयोग नाही," ती म्हणाली. "तरी दिसतं. सकाळपासून."

मी तिच्यापाशी जमिनीवर बसलो. काय दिसतं, असं शेवटी विचारलं.

"ते भिंतीला कान लावून उभे आहेत."

"किती जण?"

"भिंत संपेपर्यंत."

"दिसतात कसे?"

तिने माझा हात धरला.

"नको विचारूस," ती म्हणाली. "माणसं आहेत असं धरून चाल."

त्या दिवशी माझा वाद संपला. झरोका म्हणजे दुसरी पायरी. पुढची शिरकाव, आणि त्यापुढची पार. बायको स्वतः चढत नसतानाही कुणीतरी तिला जिन्यावर वर नेत होतं, आणि चौथ्या पायरीनंतर ती कुठे असेल, हे मला माहीत होतं. ती पायरी मीच बांधली होती.

५

मी पुस्तकात मुदत भरली. "मुदत: एक श्वास." प्रकाशकाला कळवलं, त्याने दुरुस्ती केली. घरी काहीच बदललं नाही. वकिलाला ते आधीच ठाऊक होतं.

"चालू डावाला नवीन छपाई लागू होत नाही, दाजी," तो म्हणाला. तो रोज दुकान लवकर बंद करून आमच्याकडे यायचा आणि ताईपासून जरा दूर, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा. वजन उतरलं होतं त्याचं. "निवाडा टेबलावर झाला. मोडायचा तर टेबलावरच मोडायला हवा."

"सरळ तिच्या मांत्रिणीला मारून टाका की," सिस्टर म्हणाल्या. "खेळातच. दरड कोसळली म्हणा."

वकिलाने ताईकडे पाहिलं. मग सिस्टरांनाच कळलं आपण काय बोललो ते. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि "विसरा, विसरा" म्हणाल्या.

मी मार्ग काढला. एक शेवटचा डाव बसवायचा. गोष्टीत मांत्रीण एका विहिरीशी येईल, पाणी पिईल आणि भिंतींचा मंत्र विसरेल. पुन्हा कधीच शिकू शकणार नाही. खेळणाऱ्याची संमती असेल तर सूत्रधार आपलाच निवाडा मोडू शकतो, एवढी वाट आमच्या रिवाजात होती. आमच्या धंद्यात कुणी कुणाला पायऱ्या उतरवत नाही. मिळालेलं गेलं की खेळणारे उठून जातात, म्हणून उतरायचे नियम कुणी लिहीतच नाही. मी ते एका बैठकीत लिहून काढले. इतकं चांगलं काम मी क्वचितच केलं असेल.

बायकोने सगळं ऐकलं आणि मान हलवली. "नको."

"का?"

"मला दिसायचं बंद झालं म्हणजे ते गेले असं थोडंच आहे? आत्ता निदान कोण कुठे उभं आहे हे मला कळतं. ते हलले तर कळेल. तू मला आंधळी आणि बहिरी करून त्यांच्या शेजारी बसवतोयस."

"तू शिरकावला पोचशील. मग पार. मग तू तिकडे जाशील, कळतंय का तुला?"

"जाणं न जाणं माझ्या हातात असेल."

"ऐकणं तुझ्या हातात आहे?"

मग मी जे बोललो ते नियमाचं नव्हतं. मला तू परत हवी आहेस, मी म्हणालो. जिन्यात बोंबलत येणारी. मी रडत होतो. वकीलही म्हणाला, "ताई, ऐक ना. एकदाच माझ्यासाठी हर." जन्मात कुणाला हरायला सांगताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

ती तयार झाली ती आमच्यासाठी. तिला पटलं नव्हतं, हे मला त्याही वेळी माहीत होतं.

आम्ही टेबल खोलीच्या मधे ओढून बसलो. दुपारचं ऊन होतं. मी विहीर सांगितली. सिस्टरांनी पोहरा सोडला. "मांत्रीण पाणी पिते का?" मी विचारलं. बायकोने भिंतीकडे एकदा पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळखीच्या माणसांचा निरोप घ्यावा तसं.

"पिते."

"निवाडा," मी म्हणालो. "मांत्रिणीचा भिंतींचा मंत्र संपला. तो तिला पुन्हा कधीही येणार नाही."

ती जराशी पुढे झुकली. कान चोळले. मग डोळे. "गेले," ती म्हणाली, नेहमीच्या मोठ्या आवाजात, आणि तो आवाज ऐकून आम्हा तिघांचाही बांध फुटला. सिस्टर तर फासे गोळा करायचं निमित्त काढून टेबलाखालीच जाऊन बसल्या.

६

नंतरचे दिवस चांगले गेले. खरंच चांगले. बायको जिन्यातून गात यायची, बेसूर. डावा कान पुन्हा मंद झाला आणि ती "काय? काय?" करायला लागली. मी दुसऱ्या कुणाच्या "काय?"वर इतका खूश झालो नसतो. ती मुद्दाम भिंतींना पाठ लावून बसायची. "आता मला भिंतींचं काही वाटत नाही," म्हणायची.

वकिलाने मात्र यायचं सोडलं. फोनवर तुटक बोलायचा. शेवटी मीच त्याच्या दुकानात गेलो. तो चष्म्याच्या काचा पुसत होता. एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होता.

"दाजी, एक विचारू? मी चुकीचा असेन तर शिव्या घाला."

"विचार."

"ताई ऐकत होती. मग त्यांना कळलं आणि ते गप्प झाले. का गप्प झाले?"

मी स्टूल ओढून बसलो.

"आपण गप्प कधी होतो? आपल्याला ऐकायचं असतं तेव्हा." त्याने काच खाली ठेवली. "ते कान लावून उभे होते. म्हणजे तेही कानोसा घेत होते. आणि वापराने वाढतो."

"ते काही खेळणारे नाहीत."

"तुमच्या पुस्तकात खेळणारे असं नाहीये. 'जो कुणी' असं आहे. आणि आपण निवाडा फक्त ताईचा मोडला."

समोर भिंतभर लावलेल्या चष्म्यांकडे मी बघत राहिलो. तो चूक आहे हे दाखवणारं एक तरी वाक्य मी शोधत होतो. वर्षानुवर्षं मी त्याच्याशी नियमांवर भांडलो आहे आणि अर्ध्या वेळा तरी जिंकलो आहे. तोही वाट बघत होता, मी जिंकायची.

"मग टेबल बसवू," मी म्हणालो. "ताईला कानोसा परत देऊ. निदान कळेल तरी, ते कुठल्या पायरीवर..."

"तुम्ही 'पुन्हा कधीही नाही' म्हणालात, दाजी."

तेही खरं होतं. भक्कम व्हावं म्हणून म्हणालो होतो.

"मग मी घेतो मांत्रिक. किंवा तू घे."

"मुदत एक श्वास," तो म्हणाला. "पुस्तक दुरुस्त केलंत ना? नव्या पात्राला नवी छपाई. एका श्वासात काय कळणार?"

बायकोला सांगायचं की नाही, यावर आम्ही बोललो. काय सांगणार? तुझं बरोबर होतं, आम्ही तुला त्यांच्याशेजारी आंधळी बसवली आहे, आणि आता करण्यासारखं काही नाही? दुसऱ्या घरी न्यावं म्हटलं, तर भिंती नसलेलं घर कुठून आणायचं? मी ठरवलं की सांगायचं नाही. तिचा आनंद जितके दिवस टिकेल तितके दिवस टिकू दे. घरी आल्यावर मी पलंग भिंतीपासून दूर ओढला. कपाटही. हवा खेळती राहते, असं काहीतरी म्हणालो.

"उद्या मला छताला टांगशील," ती म्हणाली, आणि पलंग पुन्हा भिंतीला लावला.

७

मग एक सुट्टीची दुपार. ती टेबलाच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, पाय लांब करून, मांडीवर कवळ्यांचे साचे. पेंगत होती. मी स्वयंपाकघरात कॉफी करत होतो. तिथूनच तिला म्हणालो की भिंतीपासून जरा सरकून बस, ओल येते तिथे. तिने ऐकलं नाही. डावा कान माझ्या बाजूला होता.

कॉफी घेऊन मी दारात आलो आणि थांबलो.

तिच्या डोक्याच्या जरा वर भिंतीतून बोटं आली होती. रंग फुटला नव्हता, भेग पडली नव्हती. अंधाऱ्या खोलीत आपण दिव्याचं बटन चाचपतो तशी ती बोटं भिंतीवरून इकडे तिकडे सरकत होती. मग मनगट आलं. मग कोपरापर्यंतचा हात. तो हळूच खाली वाकला, तिच्या केसांना लागला, आणि थबकला.

बराच वेळ तो तसाच होता. मग केसांतून फिरायला लागला. कानामागून मानेपर्यंत, अंगठा जरा दाबून. मी फिरवतो तसाच. त्यांनी आम्हाला किती दिवस पाहिलं असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"अरे वा," ती डोळे मिटूनच म्हणाली. "आज काय लाड?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. बोललो असतो तर माझा आवाज तिला दारातून आला असता. मी गप्प होतो तोवर तो हात तिच्यासाठी माझा होता. ओरडावं, धावावं, तिला ओढून बाजूला करावं, सगळं एकदमच मनात आलं. आणि ओढून न्यायचं कुठे? खोलीला उरलेल्या तीन भिंती होत्याच. तिच्यावर इतकं प्रेम करूनही मला एवढंच करता आलं की श्वासाचाही आवाज न करता उभा राहिलो.

"थांबू नको हं," ती म्हणाली आणि तिने डोकं त्या तळव्यावर टेकवलं. हाताने ते नीट पेललं. भिंतीत, हाताच्या वरच्या बाजूला, रंग किंचित पुढे आला. खांदा मावेल एवढा.

माझ्या हातून बशी वाजली.

तिने डोळे उघडले. मी समोर दारात होतो. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांत एकेक कपबशी होती.

ती ओरडली नाही. तिच्या केसांतला हात थांबला नव्हता.